हाक न मारलेली पोस्ट

हे मी उपाशीपोटी लिहितेय.

सकाळची लिंगपूजा झाली की मी घोटभर पाणी घेते, मग चहा. आज तेही घेतलेलं नाही. कपाळावरची विभूती अजून ओली आहे. अशा अंगानं मी खोटं लिहिणार नाही, एवढं धरून चाला.

घटना गेल्या वैशाखातली. जुळे सोलापुरातला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

आणि वेळ रात्रीची नाही. दुपारी दोनची.

वैशाखातली सोलापूरची दुपार ज्यानं पाहिलीय त्याला सांगायला नको. रस्त्यावर कुत्रं नसतं. गॅलरीचा लोखंडी कठडा हाताला चटका देतो. सगळी बिल्डिंग दारं लावून निजलेली असते.

काल पुन्हा फोन आला होता. "ते काढून टाक" म्हणून. मी हळूच "नाही" म्हटलं आणि फोन ठेवला.

काय काढायचं, ते सांगते.

माझा एक ब्लॉग आहे. नाव 'रोजचा नेम'. दर सोमवारी, उपास सोडायच्या आधी, मी त्यात एक पोस्ट लिहिते. कधी एखाद्या व्रताची माहिती, कधी सासूबाईंच्या तोंडची कहाणी, कधी घरातलंच काही. दहा वर्षांत एक सोमवार चुकला नाही. दवाखान्यात ॲडमिट होते तेव्हाही मोबाईलवर चार ओळी लिहिल्या.

तर त्या साईटवाल्यांचा मेल आला. आमची सेवा बंद होत आहे, आपलं लिखाण महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे हलवा.

मला तर रडूच आलं. पाचशे सतरा पोस्टी, कुठं घेऊन जाऊ?

"रडतेस काय काकू, तासाभराचं काम आहे," ऋतुजा म्हणाली. "जुन्यातून एक फाईल काढायची, नव्यात टाकायची. चहा होईपर्यंत हलेल सगळं."

ऋतुजा माझ्या थोरल्या दिरांची मुलगी. दहा वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून माझ्याकडंच आहे. आता बावीसची. पुण्याच्या कंपनीचं काम आमच्या हॉलमध्ये बसून करते. तिनं माझा ब्लॉग कधी वाचला नव्हता. "तुझे उपास वाचूनच भूक लागते मला," म्हणायची.

सोमवारी हलवायचं ठरलं.

रविवारी थोरले दीर आले. गुरुलिंग भावजी. अक्कलकोटकडं आमचं गाव आहे, तिथून ज्वारीचं पोतं घेऊन आले. ऋतुजा खाली भाजी आणायला गेली होती. भावजींनी पाणी घेतलं, तोंड पुसलं आणि थेट म्हणाले,

"सोमा म्हणत हुता, तुझं ते लिवायचं घर बदलायलीस म्हणं."

"हो. उद्या."

"मग ते एक तितंच राहू दे."

मला कळलं. तरी विचारलं, "कुठलं?"

"येड पांघरू नको महादेवी. निंगव्वाचं. पोरीचं लगीन ठरत आलंय. पावनं आता मोबाईलवर सगळं हुडकत्यात. जुनं बंदच पडणार हाय, त्यासंगं जाऊ दे की. कुणाला कळणार बी न्हाय."

माझे मिस्टर सोमलिंग खुर्चीत बसून पेपरची घडी घालत होते. घातलेलीच घडी पुन्हा घालत होते.

"दादा म्हणतोय तर..." एवढंच म्हणाले.

निंगव्वा म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. ऋतुजाची आई.

बारा वर्षांपूर्वी गावाकडं आमच्या नणंदेचं लग्न होतं. लग्नाच्या तीन दिवस आधीपासून जाऊबाईंच्या पोटात दुखत होतं. भावजी म्हणाले, अक्षता पडू दे, मग दवाखाना. लग्नाच्या दिवशी त्या ओरडायला लागल्या. पाहुण्यांना ऐकू जायला नको म्हणून त्यांना मागच्या खोलीत ठेवलं.

बाहेरून कडी घातली.

जाऊबाई पाण्यासाठी रिकामा तांब्या फरशीवर आपटत होत्या... टण्... टण्... आणि बाहेर बँड वाजत होता.

नवरी गाडीत बसल्यावर कडी काढली. जाऊबाई केव्हाच गेल्या होत्या.

सगळ्यांना सांगितलं, अटॅक आला. ऋतुजालाही तेच सांगितलं.

सासूबाई, काशम्मा, त्यांनी मरताना माझा हात धरून हे सगळं बोलून टाकलं. मी ते लिहिलं. 'थोरल्या जाऊबाई' या नावानं. ब्लॉग वाचणारी चाळीस-पन्नास माणसं. त्यातल्या कुणाला आमचं घर ठाऊक? मला वाटलं, निदान कुठंतरी लिहिलेलं राहील.

आणि त्या रविवारी मी ते पुसून टाकलं.

ऋतुजा जिन्यात असतानाच. दोन बटणं दाबली. "कायमची काढायची का?" असं विचारलं त्यानं. हो म्हटलं.

मनाला समजावलं, पोरीच्या भल्यासाठी आहे.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. घर बदलताना जुन्या घराच्या उंबऱ्यावर दिवा घेऊन उभं राहायचं आणि एकेकाला नावानं हाक मारायची. आधी देव. मग जिवंत माणसं. मग गेलेली माणसं. "मामंजी, चला. निंगव्वा, चल." सासूबाई गाव सोडून इथं आल्या तेव्हा त्यांनी अशीच हाक मारली होती. गोठ्यातल्या म्हशीसकट. हाक मारली की वाट सापडते, म्हणायच्या. आणि एखाद्याची हाक राहिली तर?

"तर तो मागनं येतो," म्हणायच्या. "वाट विचारत विचारत. रागानं."

सोमवारी पूजा झाल्यावर मी लॅपटॉप देवापुढं ठेवला. दिवा लावला. एकेका पोस्टीचं नाव वाचायचं आणि म्हणायचं, चला.

ऋतुजा हसून लोटपोट. "काकू, पाचशे नावं वाचणार तू? फाईलला पाय फुटतात काय?"

"तू तुझं काम कर. मी माझं करते."

पाचशे सोळा नावं वाचली. घसा बसला. शेवटी दोनच्या सुमाराला ऋतुजानं बटण दाबलं. निळी पट्टी सरकत सरकत पूर्ण झाली.

"झालं बघ. पाचशे सतरा."

माझा हात दिव्यावरच थांबला.

"सोळा," मी म्हटलं.

"सतरा लिहिलंय इथं." तेवढ्यात तिचा ऑफिसचा फोन आला. ती बोलत बोलत गॅलरीत गेली.

मी यादी बघितली.

सगळ्यात वर... 'थोरल्या जाऊबाई'.

उघडली. आत काहीच नव्हतं. नुसतं नाव आणि खाली पांढरं.

मी ती काढून टाकली. ऋतुजा आत यायच्या आत.

आणि मागच्या खोलीतून आवाज आला...

टण्.

आमच्या मागच्या खोलीत एक गादी आहे आणि कपड्यांचं कपाट. बाकी काही नाही.

टण्... टण्...

तो आवाज मी ओळखला.

उठून गेले. आवाज थांबला. खोलीचं दार बंद होतं. ते आम्ही कधी बंद करत नाही.

बाहेरून कडी घातलेली होती.

संध्याकाळी ऑफिसचं काम आटोपून ऋतुजा मोकळी झाली तेव्हा मी तिला सहज विचारलं. "काढलेली पोस्ट फाईलमधून येऊ शकते का गं?"

"कायमची काढली असेल तर नाही. कुठली?"

"काही नाही."

तरी तिनं फाईल उघडून मोजून दाखवलं. फाईलमध्ये पाचशे सोळाच होत्या.

मंगळवारी दुपारी दोन वाजता पुन्हा आवाज आला. ऋतुजाच्या कानात हेडफोन होते. हे आतल्या पलंगावर झोपले होते. मी लॅपटॉप उघडला. पोस्ट आलेली होती. आज आत एक ओळ होती.

'तीन दिवस पोटात दुखत होतं.'

माझीच ओळ. मी काढली.

देवापुढचा तांब्या मी रोज सकाळी भरून, वर वाटी झाकून ठेवते. दुपारी बघितलं तर वाटी तशीच झाकलेली... आणि तांब्यात थेंब नव्हता.

"अगं ऊन किती पडलंय," हे म्हणाले. "माणूस सुकतोय, तांब्याचं काय घेऊन बसलीस? चार दिवसांनी नळाला पाणी येतं आणि तू देवाला दोनदा पाजतेस."

बुधवारी पोस्ट अर्ध्यापर्यंत आली होती. मी काढली. कडी पुन्हा घातलेली होती. मी काढली. तांब्या कोरडा होता. मी भरला.

संध्याकाळी जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या राजाबाई भेटल्या.

"काय ओ वैनी, भर दुपारचं काय कुटता? जरा पडावं म्हटलं तर डोक्यावर टण् टण्. मिरच्या असतील तर गिरणीत द्या की."

म्हणजे आवाज माझ्या कानात नव्हता. खाली पण जात होता.

त्या रात्री मी भावजींना फोन केला. घाबरूनच केला, खोटं कशाला बोलू.

"भावजी, ते जात नाहीये."

"काय जात न्हाय?"

"ती पोस्ट. रोज काढते, रोज येते."

ते म्हणाले, "तर रोज काढ. लगीन हुईपर्यंत काढत ऱ्हा."

आता गुरुवार.

एक वाजताच लाईट गेली. हे बँकेत गेले होते. हुकावर स्कूटीची चावी नव्हती, म्हणून मला वाटलं ऋतुजाही बाहेर गेली असेल. घरात मी एकटी. आज उठायचंच नाही, असं मी ठरवलं. स्वयंपाकघरातल्या देवापुढं मांडी घातली. डावा तळहात पुढं करून त्यावर गळ्यातलं लिंग घेतलं. ओम नमः शिवाय सुरू केलं.

दोन वाजले...

टण्.

मी आवाज वाढवला. ओम नमः शिवाय.

टण्... टण्... टण्...

आज जोरात होता. घाईत होता.

मग त्यात हाक मिसळली. अगदी बारीक.

"काकू..."

गेलेलं माणूस ओळखीच्या आवाजात हाक मारतं, ओ द्यायची नाही. लहानपणापासून ऐकलेलं. मी ओ दिली नाही. डोळे घट्ट मिटले.

"काकू... दार..."

ओम नमः शिवाय. ओम नमः शिवाय.

किती वेळ गेला कळलं नाही. घामानं पदर भिजला. हळूहळू हाक थांबली.

पण आपटणं थांबलं नाही. ते जवळ येत होतं.

मागच्या खोलीपासून पॅसेजमध्ये. पॅसेजमधून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. मग अगदी माझ्या गुडघ्यापुढं...

टण्.

मी डोळे उघडले.

देवापुढचा तांब्या आडवा झाला होता. पाणी कुठंच सांडलं नव्हतं, तो रिकामाच होता. माझ्या डोळ्यांदेखत तो फरशीवरून गडगडत निघाला. वारा नव्हता. पंखा बंद होता. स्वयंपाकघरातून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून मागच्या खोलीकडं. दाराला लागला आणि थांबला.

दाराला बाहेरून कडी होती.

त्या वेळी देवाचं नाव माझ्या तोंडातच राहिलं. मी लिंग गळ्यात घातलं आणि उठले. मनात म्हटलं, जे असेल ते असेल. कडी काढली.

खोलीत ऋतुजा होती.

दाराशीच पडलेली. खिडकी पश्चिमेची, पंखा बंद, खोलीची भट्टी झालेली. ओठ पांढरे. मी तिला ओढत बाहेर आणलं, तोंडावर पाणी मारलं, मीठसाखरेचं पाणी चमच्यानं पाजलं. दहा मिनिटांनी तिनं डोळे उघडले.

डोकं दुखत होतं म्हणून ती जेवल्यावर तिथं जाऊन झोपली होती. स्कूटी हे घेऊन गेले होते. तिचा मोबाईल चार्जिंगअभावी बंद पडला होता.

"किती हाका मारल्या तुला," ती म्हणाली. "कडी कुणी घातली?"

मी म्हटलं, "ठोकत होतीस ते ऐकलं मी. पण मला वाटलं..."

"मी कुठं ठोकत होते? माझ्यात तेवढं बळ कुठं होतं?" ती माझ्याकडं बघत राहिली. "ते बाहेर चाललं होतं, काकू. दाराच्या बाहेर. मला वाटलं तूच काहीतरी आपटतेयस."

मी तिथंच फरशीवर बसले.

थोड्या वेळानं लाईट आली. मी लॅपटॉप उघडला. पोस्ट आज पूर्ण होती. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

मी लॅपटॉप ऋतुजाच्या मांडीवर ठेवला.

"वाच."

तिनं वाचलं. मग पुन्हा वरून वाचलं.

"अव्वाचं आहे हे? माझ्या आईचं?"

"हो."

"खरं आहे?"

"खरं आहे."

"मला बारा वर्षं अटॅक सांगितलात."

"हो."

"आणि हे काढलं कुणी?"

"मी. तुझ्या आप्पांनी सांगितलं म्हणून. पाहुणे वाचतील, लग्न मोडेल म्हणून."

ती रडली नाही. उरलेलं पाणी एका घोटात प्यायली आणि म्हणाली, "मोडू दे की. माझ्या पोटात दुखलं तर ही माणसं कुठला मुहूर्त बघणार, ते आधीच कळलेलं बरं."

मी दिवा लावला. हातात घेऊन उभी राहिले. सोमवारी जे करायला हवं होतं ते तेव्हा केलं.

"जाऊबाई, चला," मी म्हटलं. "हक्कानं चला. आता कुणी काढणार नाही."

आणि प्रकाशित करायचं बटण माझ्या बोटानं दाबलं.

आवाज त्या दिवसापासून थांबला. कडी पुन्हा लागली नाही.

संध्याकाळी भावजींचा फोन आलाच. कुणीतरी लिंक पाठवली होती. बहुतेक ऋतुजानंच. मी विचारलं नाही.

"काढ म्हणतो ते."

"नाही भावजी."

"मी थोरला हाय ह्या घरातला."

"आहात की. म्हणून तर तुमचं नाव आधी आहे त्यात."

"सोमाला दे फोन."

"देते. पण पासवर्ड माझ्याकडं आहे."

ह्यांनी फोन घेतला, "हं, हं" केलं, आणि ठेवून दिला. जेवताना म्हणाले, "मला आता ह्यात काही विचारू नका." मी म्हटलं, "विचारलं कुणी?" पंचवीस वर्षांत मी असं पहिल्यांदा बोलले. ते मान खाली घालून जेवले.

पाहुण्यांचा निरोप आला. पत्रिका जुळत नाही म्हणे. आधी छत्तीस गुण जुळले होते.

इथं संपलं असतं तर मी ही गोष्ट सांगितलीही नसती.

पुढच्या सोमवारी पूजा करून मी नवी पोस्ट लिहायला बसले. सहज म्हणून जुनी एकदा उघडली. खालपर्यंत आले.

शेवटी एक ओळ जास्त होती.

मी लिहिलेली नाही. ऋतुजा शपथेवर म्हणाली, तिनंही नाही. पासवर्ड बदलला. ओळ आहे तिथंच आहे.

'महादेवीनं ऐकलं होतं.'

तर आता हेही सांगते. उपाशी बसलेय ती त्यासाठीच.

मी सगळीकडं लिहिलं की सासूबाईंनी मरताना सांगितलं. ते खरंच आहे. पण त्यांनी सांगायची मला गरज नव्हती. लग्नाच्या दिवशी मठ्ठ्याची बादली घेऊन मी मागच्या खोलीवरून गेले होते. आतून आवाज येत होता. मी थांबले. कडीला हात लावला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, पंगत बसली, मठ्ठा कुठाय... आणि मी गेले. भरलेली बादली हातात घेऊन गेले.

बारा वर्षं मी हे कुठंच लिहिलं नाही. ज्या पोस्टीत सगळ्यांची नावं घातली, तिच्यातही नाही.

भावजी परवा फोनवर हसले. "आता तुझं बी नाव आलं म्हणं त्यात. आता तरी काढशील का न्हाय?"

नाही. माझं नाव आहे म्हणून तर मुळीच नाही. ती ओळ मी काढणार नाही, झाकणार नाही. ज्याला वाचायचंय त्यानं वाचावं.

फक्त एक गोष्ट मला सोडत नाही.

काल पुन्हा ती पोस्ट उघडली. माझ्या नावाच्या ओळीखाली एक नवी ओळ आली आहे. त्यात एका बाईंचं नाव आहे. मी त्यांना ओळखते. त्या दिवशी त्या भात वाढत होत्या. आता होटगीला असतात, दोन नातवंडांच्या आजी आहेत.

त्यांना फोन करून सांगावं की नाही, कळत नाही.

आणि त्या ओळीखाली अजून पांढरी जागा आहे...

त्या दिवशी मांडवात साडेतीनशे पानं उठली होती.